शिळेवरचे पोपट : एडवर्ड लिअर आणि रंग पाहण्याची विद्या



या व्याख्यानमालेचे निमंत्रण मिळाले तेव्हा विषय कोणता निवडावा, असा प्रश्न मला पडला. सारी हयात मराठी शिकविण्यात गेलेल्या माणसाने एखाद्या संतावर वा कवीवर बोलावे, अशीच आपली अपेक्षा असणार. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आमचे चित्रकलेचे गुरुजी होते. त्यांच्या स्मृतिदिनी चित्राविषयी बोलावे, असे मनाने घेतले, आणि चित्राचा विचार करू लागताच एक जुनी लाज आठवली. व्याख्यानाचा आरंभ तिच्यापासूनच करतो.

१९६२ च्या सुमाराची गोष्ट. मी सातवीत होतो. गुरुजींनी आवडता पक्षी काढून आणावयास सांगितला होता. मी पोपट काढला, आणि पेटीतला हिरवा रंग चोचीपासून शेपटीपर्यंत सढळ हाताने फासला. गुरुजींनी कागद हातात घेऊन विचारले, "हा पोपट कोठे पाहिलास?" मी म्हणालो, "आमच्या घरी पिंजऱ्यात आहे, गुरुजी." त्या काळी बेळगावात घरोघरी पोपटाचा पिंजरा टांगलेला असे आणि त्यात काही वावगे आहे, असे कोणास वाटत नसे. गुरुजी म्हणाले, "मग उद्या सकाळी उन्हात पिंजरा ठेव, आणि त्याच्या अंगावर हिरवे किती आहेत ते मोजून ये."

दुसऱ्या दिवशी मी सात हिरवे मोजून गेलो. मानेवरचा निराळा, पाठीवरचा निराळा, पोटाकडचा पिवळसर, शेपटीत निळ्याकडे झुकणारा. नावे मात्र मला दोनच सांगता आली. मी ओशाळलो. गुरुजी एवढेच म्हणाले, "नावे मागाहून येतील. दिसले ना? मग झाले." त्या वाक्याचा अर्थ कळावयास मला पुढे साठ वर्षे लागली. तो ज्या चित्रकाराच्या चरित्रातून कळला, त्याची हकीकत आज आपणापुढे मांडावयाची आहे.

त्याआधी आपल्या घरातला हिशेब पाहू. पोपट हा आपल्या वाङ्मयातला फार जुना रहिवासी. बाणभट्टाच्या 'कादंबरी'तील कथा राजाला सांगतो तो वैशंपायन नावाचा पोपटच. आणि त्याच ग्रंथाच्या नावावरून मराठीने एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला 'कादंबरी' हे नाव दिले. 'शुकबहात्तरी'तला पोपट रात्रीमागून रात्र गोष्टी सांगतो. रावा, राघू, कीर, शुक अशी त्याची किती तरी नावे. पण नीट पाहिले तर आपण पोपटाचे बोलणे जितके ऐकले, तितके त्याच्याकडे पाहिले नाही. अर्थ न समजता केलेल्या पाठांतराला आपण 'पोपटपंची' म्हणतो, आणि त्याच्या अंगावरील साऱ्या छटा 'पोपटी' या एका शब्दात कोंबतो. लुगड्याच्या व्यवहारात शेवाळी, मेंदी, मोरपंखी असे भेद काटेकोरपणे करणारी आपली भाषा प्रत्यक्ष पक्ष्यापाशी येऊन मात्र थबकली.

ही उणीव आपल्या चित्रकारांत होती, असे कोणी समजू नये. बादशहा जहांगीराच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याने पक्षी इतक्या निष्ठेने रंगविले की आजही पक्षिशास्त्रज्ञ त्यांचा आधार घेतात. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, त्याच्या नावाने ओळखले जाणारे डोडोचे एक चित्र रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. मॉरिशसचा तो पक्षी त्याच शतकात नामशेष झाला. रंगांत चितारलेल्या डोडोंपैकी हा एक अत्यंत विश्वसनीय मानला जातो. आणि त्याच कागदाच्या कोपऱ्यात एक चिमुकला हिरवा पोपटही आहे. पक्षी जगातून गेला तरी त्याची साक्ष चित्रात उरते, याचा हा आपल्याकडचा पुरावा.

आता आपण लंडनला जाऊ. एडवर्ड लिअर याचा जन्म १२ मे १८१२ चा. एकवीस भावंडांतला तो विसावा. वडील आर्थिक संकटात सापडले, घराची वाताहत झाली, आणि या मुलाला थोरल्या बहिणीने, ॲनने, आईच्या मायेने वाढविले. त्याला लहानपणापासून फेफऱ्याचा विकार होता, दम्याचा त्रास होता आणि दृष्टीही अधू होती. पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून तो चित्रे काढून पोट भरू लागला. इंग्रजी वाचकांना तो पुढे विनोदी बालकवितांचा जनक म्हणून परिचित झाला. परंतु त्याची पहिली कीर्ती पोपटांची आहे.

लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने रीजंट्स पार्कमधील आपली बाग १८२८ मध्ये उघडली होती. जगाच्या कानाकोपऱ्यांतून जहाजांनी आणलेले पोपट तेथे ठेवलेले असत. जून १८३० मध्ये अठरा वर्षांच्या लिअरने ते चितारण्याची परवानगी मिळविली. त्या काळी पक्ष्यांची चित्रे बहुधा भुसा भरलेल्या कातड्यांवरून काढीत. पक्षी मेला की डोळ्याचा रंग जातो, डोळ्याभोवतालच्या उघड्या कातडीची छटा उतरते, पिसांची ठेवण बिघडते. लिअरने होता होईल तो जिवंत पक्षीच समोर ठेवण्याचा आग्रह धरला. बागेचा नोकर पक्षी धरून ठेवी आणि लिअर पंख, चोच, पाय मोजून घेई. मग तो पिंजऱ्यासमोर बसून रेखाटने करी, आणि कागदाच्या कडेला रंगांचे लहान लहान ठिपके देऊन शेजारी टिपणे लिही. ती कच्ची रेखाटने आज अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जतन केलेली आहेत. अंतिम चित्र पाहून आपण थक्क होतो, परंतु विद्यार्थ्यांनी पाहावेत ते हे कडेचे ठिपके. एक निळा लावून पाहिला, तो पटला नाही, शेजारी दुसरा लावला. पाहण्याचे कष्ट म्हणजे काय, ते तेथे कळते.

चित्रे छापली ती शिळामुद्रणाने. आपल्याकडील वडीलधाऱ्यांनी शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या आणि पंचांगे पाहिलेली असतील. १८९४ मध्ये सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातील देवादिकांची चित्रेही याच तंत्राने निघत. त्या चित्रांना रंगागणिक निराळी शिळा लागे. लिअरच्या वेळी एकाच शिळेवरून काळी रेखाकृती छापून रंग हाताने भरीत. इतर चित्रकार आपले चित्र कारागिराच्या हाती सोपवून मोकळे होत. लिअरने शिळेवर स्वतःच रेखाटले, तेही छापताना उलटे उमटणार हे ध्यानात ठेवून. चार्ल्स हलमंडेल या मुद्रकाकडे ठसे निघत. मग लिअर एका प्रतीवर रंगाचा नमुना करून देई आणि रंगारी त्याबरहुकूम बाकीच्या प्रती रंगवीत. ठसे पुरे झाले की शिळेवरील चित्र खरवडून टाकून त्याच शिळेवर पुढचा पोपट निघे. नव्या शिळा घेण्याइतका पैसा त्याच्यापाशी नव्हता.

पहिले दोन भाग १ नोव्हेंबर १८३० रोजी प्रसिद्ध झाले आणि लगोलग लिनियन सोसायटीच्या सहसदस्यत्वासाठी या पोरसवदा चित्रकाराचे नाव सुचविले गेले. पक्ष्यांच्या एकाच कुळाला वाहिलेला असा ग्रंथ इंग्लंडात तोवर झाला नव्हता. योजना चौदा भागांची होती, निघाले बारा. ४२ चित्रे झाली. प्रती अवघ्या १७५, दर भागाची किंमत दहा शिलिंग. वर्गणीदार वेळेवर पैसे देईनात, रंगाऱ्यांची मजुरी मात्र थांबविता येईना. १८३२ मध्ये काम बंद पडले. विद्वानांनी गौरविलेला हा उद्योग व्यवहारात बुडीत गेला. मराठी ग्रंथव्यवहार जवळून पाहिलेल्या माझ्यासारख्याला यात नवल वाटले नाही. खेद मात्र वाटला.

पोपटाचा रंग पकडणे इतके अवघड का, हे येथे थोडे समजून घेऊ. पोपटाच्या हिरव्या पिसात बहुधा हिरवे रंगद्रव्य नसतेच. पिसातील केराटिनाची अतिसूक्ष्म सच्छिद्र रचना आणि तिच्याखालचा काळा थर यांमुळे प्रकाश विखुरून निळा भास उत्पन्न होतो. त्यावर पोपटकुळाचे खास पिवळे रंगद्रव्य आले की आपल्याला हिरवे दिसते. पिवळे उणे झाले तर पोपट निळा, आणि काळा थर नसला तर निळा भास मावळून पोपट पिवळा. आपल्या नेहमीच्या कंठवाल्या पोपटाचा असा पिवळा नमुना लिअरच्या ग्रंथात आहे. हे शास्त्र १८३० मध्ये त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही ऊन फिरले की पिसांवरचा निळा पुढे येतो आणि सावलीत पिवळा उरतो, हे त्याने डोळ्यांनी जाणले आणि कुंचल्याने नोंदले.

त्याच्या ग्रंथातील भडक मकाव सर्वांना आवडतात. पण त्याची खरी परीक्षा झाली ती साध्या पक्ष्यांत. 'युनिकलर', म्हणजे एकरंगी, असे नाव त्याने १८३१ मध्ये एका पोपटाला दिले. डोक्यावर लाल टिळा नाही, गळ्यात कंठ नाही. सारा पक्षी हिरवा. माझ्या सातवीतल्या चित्रासारखा! पण लिअरच्या चित्रात त्या एका हिरव्याचे तोंडाकडे, छातीवर, पंखाच्या कडेला किती पोत आहेत, ते पाहावे. हा पक्षी कोणत्या देशातून आला, हेही तेव्हा माहीत नव्हते. न्यूझीलंडच्या आग्नेयेस, भर समुद्रातील अँटिपोडीज बेटांचा तो रहिवासी, हे मागाहून कळले. त्याचे सारे जग तेवढ्या चिमुकल्या बेटांपुरते असल्याने तो आज धोक्यातील पक्ष्यांत गणला जातो. माणसाबरोबर आलेल्या उंदरांनी त्या बेटांवर उच्छाद मांडला होता. २०१६ मध्ये ते नष्ट करण्याची मोहीम झाली आणि २०१८ मध्ये ती यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले.

दुसरे उदाहरण बोदँच्या काळ्या काकाकुवाचे. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील हा पक्षी दुरून केवळ काळा दिसतो. लिअरने पाहिले की त्या काळ्या पिसांना मळकट पांढरी कड आहे आणि त्यामुळे अंगावर खवल्यांसारखी नक्षी उमटते. १८३२ मध्ये शास्त्राने स्वीकारलेले त्याचे नावही लिअरच्याच नावे नोंदलेले आहे. हाही पक्षी आज अतिसंकटग्रस्त आहे.

आता या हकीकतीच्या गाभ्याकडे येतो. लिअरच्या ग्रंथात एका निळ्या मकावचे चित्र आहे. खाली नाव छापले आहे 'हायसिंथ मकाव'. हायसिंथ हा दक्षिण अमेरिकेतील सुमारे एक मीटर लांबीचा पोपट, झगझगीत गर्द निळा. पण लिअरने रंगविलेल्या पक्ष्याचा निळा मंद आहे, निळीच्या खडीसारखा. डोक्यावर त्यात हिरवट झाक मिसळलेली. आणि चोचीच्या मुळाशी पिवळ्या कातडीचा ठिपका हायसिंथच्या चंद्रकोरीसारखा बारीक नसून थेंबासारखा रुंद. त्या वेळच्या समजुतीप्रमाणे नाव हायसिंथचे पडले. पण नाव हायसिंथचे आहे म्हणून लिअरने निळा भडक केला नाही, की पिवळा ठिपका निमुळता केला नाही. समोर जे दिसले तेच ठेवले.

१८५६ मध्ये शार्ल बोनापार्त या शास्त्रज्ञाने हा पक्षी निराळ्याच जातीचा असल्याचे सांगून चित्रकाराच्या सन्मानार्थ त्याला 'लिअरचा मकाव' असे नाव दिले. परंतु रानात तो कोठे राहतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. व्यापाऱ्यांकडे आणि प्राणिसंग्रहालयांत एखाद-दुसरा पक्षी येई. काही अभ्यासकांना तर तो दोन जातींचा संकर असावा असे वाटे. अखेर १९७८ च्या अखेरीस हेल्मूट झिक या पक्षिशास्त्रज्ञाने ब्राझीलच्या बाईया प्रांतातील रुक्ष, काटेरी माळरानात तो शोधून काढला. चित्र आणि घर यांच्यात जवळजवळ दीडशे वर्षांचे अंतर पडले.

तेथे हे पक्षी तांबड्या वालुकाश्माच्या कड्यांतील कपारींत राहतात आणि मुख्यतः लिकुरी नावाच्या ताडजातीय झाडाच्या फळांवर जगतात. गुरांच्या चराईने त्या झाडांची रोपे वाढेनाशी झाली. उपाशी पक्षी मक्याच्या शेतांत उतरले, तेव्हा शेतकऱ्यांनी गोळ्या घातल्या. आणि चोरट्या व्यापाऱ्यांनी पिंजऱ्यांसाठी पक्षी पळविले. १९८० च्या दशकात त्यांची संख्या शंभरीच्या आतबाहेर मोजली गेली. पुढे कड्यांना संरक्षण मिळाले, राखण बसली, मक्याची भरपाई देण्याचा उपक्रम झाला. आज ती संख्या दोन हजारांच्या आसपास गेली आहे. २००९ मध्ये हा पक्षी 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून 'संकटग्रस्त' या वर्गात आला. म्हणजे संकट टळले नाही, एक पायरी उतरले एवढेच.

चित्राने पक्षी वाचतो, असा भाबडा निष्कर्ष मी काढू इच्छित नाही. अमेरिकेतील कॅरोलिना पोपटांचे थवे ऑडुबॉनने अप्रतिम चितारले आहेत. तरीही त्या जातीचा पिंजऱ्यातील अखेरचा पक्षी १९१८ मध्ये सिनसिनाटीत मेला. पक्षी वाचविणारी माणसे निराळी. त्यांना ऊन, काटे, वैर सोसावे लागते. परंतु वाचवायचे ते काय, हे आधी वेगळे दिसावे लागते. तो मकाव हायसिंथच समजला गेला असता, तर निराळी जात म्हणून त्याची फिकीर कोणी केली नसती.

मी भाषेचा माणूस. शब्द हीच माझी उपजीविका आणि श्रद्धाही. म्हणून हे कबूल करणे मला सोपे नाही की या चित्राखालचा शब्द चुकला होता आणि रंग बरोबर होता. शब्द आपल्याला जे आधीच ठाऊक आहे ते सांगतो; निष्ठेने पाहिलेला रंग कधी कधी अजून कोणालाच ठाऊक नसलेले सांगून ठेवतो. "नावे मागाहून येतील" हे गुरुजींचे बोलणे मी धीराचे समजलो होतो. ती शास्त्राची शिस्त होती.

लिअरची दृष्टी बारीक कामाने थकली. १८३७ च्या सुमारास त्याने पक्षिचित्रण सोडले आणि तो निसर्गदृश्ये रंगवीत देशोदेशी हिंडला. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक या स्नेह्याच्या निमंत्रणावरून तो नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईस उतरला. पुणे आणि हैदराबाद ही गावेही त्याच्या प्रवासात होती. त्याने साठी ओलांडली होती. १८८८ मध्ये इटलीतील सान रेमो येथे त्याचे निधन झाले.

डोळ्यांचे बोललो म्हणून एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर खिडकीतून आभाळ पाहिले आणि उमगले की कित्येक वर्षे मी ज्याला राखी म्हणत होतो, तो निळा होता. त्याच पावसाळ्यानंतर मुलाने मला आंबोलीच्या वाटेवर नेले. तेथे रानाच्या कडेला मलबारी पोपटांची जोडी बसली होती. हा आपल्या सह्याद्रीचाच पक्षी. पश्चिम घाटाबाहेर जगात कोठे आढळत नाही. डोके आणि छाती राखी-निळी, पंख निळे, शेपटीच्या टोकाला पिवळा. नराच्या काळ्या कंठाखाली निळसर हिरव्याची एक तेजस्वी रेघ आणि चोच तांबडी. मादीची चोच काळी. लिअरने हाही पोपट चितारला आहे; त्याचे लॅटिन नाव 'कबुतरासारखा' अशा अर्थाचे, आणि ती राखी-निळी झाक पाहिली की नाव पटते. सत्तर वर्षे या डोंगराच्या कुशीत राहून मी तो प्रथमच पाहिला. 'पोपट' हा शब्द ठाऊक असल्यामुळे पाहण्याची गरज वाटली नव्हती.

आमच्या घरातला तो पिंजरा केव्हाच गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आलेल्या बंदीनंतर आपले पोपट पाळणे हा गुन्हा ठरला, आणि ते योग्यच झाले. 'कादंबरी'तल्या सावरीच्या झाडावर चढून पिले ओरबाडणारा तो वृद्ध व्याध आठवला की, आमचा पोपटही कोणत्या झाडावरून आला असेल, हा प्रश्न आज मला छळतो. त्या वेळी तो सुचला नाही.

शाळेला माझी एकच विनंती आहे. चित्रकलेचा तास हा गणिताच्या तासासाठी सहज उसना घेण्याचा तास मानू नये. वर्षातून एक दिवस मुलांना रानाच्या कडेला न्यावे, मोकळ्या पोपटाकडे पाहू द्यावे, आणि हिरवे किती ते मोजावयास सांगावे. कोणी सात सांगेल, कोणी अकरा. नावे विचारू नयेत. ती द्यावयास आम्ही भाषेची माणसे आहोतच. थोडा उशीर लागेल इतकेच.